मासेमारीच्या होडीसाठी आउटबोर्ड मोटर कशी निवडावी: पुण्याच्या धरणांवरचा हिशेब

उजनीच्या फुगवट्यात माझी पहिली मोटर बंद पडली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. मार्च संपत आला होता, वारा सुटला होता आणि होडी हळूहळू करमाळ्याच्या बाजूला सरकत होती. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. इंजिन थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्याची मोटरच्या मागून जी बारीक धार पडत राहायला हवी, ती कधीच बंद झालेली. मी मात्र गळाकडे डोळे लावून बसलो होतो, मागे वळून पाहिलंच नाही. शेवटी जाळी काढून परतणाऱ्या एका भोईदादांनी दोर टाकला आणि काठाला ओढून आणलं. मोटरचं झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "मोटर झ्याक हाय साहेब. पन हिचं सामान कुठनं आणणार?"

सामान म्हणजे तळहातावर मावेल एवढं रबरी चक्र. पाणी खेचणाऱ्या पंपातला इंपेलर. तो मिळायला सात आठवडे लागले. तोवर होडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि मी शेजाऱ्यांच्या नजरेत.

त्यानंतर कोणी "भरवशाची मोटर कुठली?" असं विचारलं की मी कंपनीचं नाव सांगत नाही. यामाहा, सुझुकी, होंडा, मर्क्युरी, तोहात्सु ही पाचही नावं चांगली आहेत. यातली कुठलीही मोटर योग्य होडीला, योग्य मापाने लावली, चांगलं पेट्रोल दिलं आणि तिचे सुटे भाग आठवड्याभरात हाताशी आले, तर वर्षानुवर्षं चालते. यातली एक गोष्ट चुकली की महागातली मोटरही होडीच्या मागे बांधलेलं ओझं होते. आपल्याकडे चुकायला वाव जास्त, कारण आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायच्या मोटरीचा, सराव असलेले मेकॅनिक मुख्यतः किनाऱ्यावर आहेत, आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. म्हणून खालचा क्रम. दुकानात जाणं यात बरंच शेवटी येतं, ते मुद्दाम.

पहिली पायरी: पाणी कुठलं, आणि परवानगी आहे का

मोटरचे पैसे भरण्याआधी हे विचारा, नंतर नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव ही पुण्याच्या पिण्याच्या पाण्याची धरणं. तिथे इंजिनाची होडी घालायची तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं धरून चालू नका. मुळशीचं धरण टाटांच्या वीजनिर्मितीचं, तिथला मालक वेगळा. बहुतेक जलाशयांतला मासेमारीचा हक्क स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. म्हणजे तुम्ही हौशी असलात तरी संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकणं योग्य नाही. विचारलं की बहुधा चहाही मिळतो, आणि कुठे बुडालेली बाभूळ आहे हेही कळतं. होडीची नोंदणी आणि तपासणी इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ खाली येते. आपल्याकडे त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जावं लागतं.

परवानगीत इंजिनाला नकार आणि बॅटरीच्या मोटरला होकार मिळाला, तर निम्मा लेख तुमच्यासाठी संपला. १२ व्होल्टची, ५५ पौंड रेट्याची ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात साधारण ५० अँपिअर खाते. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी तिला दोन तासांच्या आसपास पुरते. अर्ध्या वेगात त्याहून कितीतरी जास्त. शिसं-आम्लाची बॅटरी असेल तर निम्मीच क्षमता वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. खाडीसारख्या आत शिरलेल्या शांत पाण्यात, काठाकाठाने मरळ शोधत फिरायला एवढं भरपूर झालं. उजनीचं मोकळं पाणी आडवं कापायला मात्र अजिबात नाही.

उजनीचं वेगळं सांगतो. पाणी उथळ आणि प्रचंड पसरलेलं, त्यामुळे वारा आला की आखूड, उभ्या लाटा फार पटकन उठतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले, हे त्या भागात कोणी विसरलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा रंग दिसला की काठाला लागायचं. मोटर निवडताना हेच डोक्यात ठेवा: वाऱ्याविरुद्ध, भरलेल्या होडीने, घाईत परतता आलं पाहिजे.

दुसरी पायरी: फीत आणि काटा

होडीची लांबी फुटांत मोजा. मग मागच्या फळीची, म्हणजे जिथे मोटर बसते त्या ट्रान्समची, रुंदी मोजा. दोन्हींचा गुणाकार करा. आपल्याकडच्या गावठी फायबरच्या होड्यांवर किती एचपी चालेल याची पाटी सहसा नसते, म्हणून मी अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा नियम वापरतो. १४ फूट लांब आणि मागे ४ फूट रुंद होडीचा गुणाकार ५६ येतो. आकडा ५२ च्या वर असेल, दांडा हातात धरून चालवायची मोटर असेल आणि तळ सपाट असेल, तर ५६ ची निम्मी, वजा १५, म्हणजे १३. पुढच्या पाचाच्या पटीत १५ एचपी. तळ व्ही आकाराचा असेल तर ५६ गुणिले ०.८, वजा २५, म्हणजे सुमारे २० एचपी. गुणाकार ४६ ते ५२ असेल तर १५, ४३ ते ४५ असेल तर १०, ४० ते ४२ असेल तर साडेसात, ३६ ते ३९ असेल तर ५, आणि ३५ किंवा कमी असेल तर ३ एचपी. या लहान होड्यांत तळ सपाट असेल तर एक पायरी खाली उतरायचं. ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. त्याहून मोठी मोटर लावली तर मागची फळी सुटते किंवा होडी मागे बसते. दोन्ही मी पाहिलं आहे.

आता वजन. माझ्या १४ फुटी होडीचा हिशेब असा: होडी १५० किलो, तीन माणसं २२५, मोटर ५०, टाकीसकट २५ लिटर पेट्रोल २२, बॅटरी २५, आणि गळ-रीळ, बर्फाची पेटी, नांगर, जॅकेटं मिळून ३०. झाले ५०० किलो. होडी पाण्यावर उचलून पळावी असं वाटत असेल तर दर एचपीमागे २० ते २५ किलोपेक्षा जास्त ओझं नको. म्हणजे २० एचपी ही कशीबशी पुरणारी मोटर. १५ घेतली तर एकटे असताना पळेल, दुसरा बसला की नांगरणीच्या बैलासारखी चालेल.

पण पळायलाच हवं का? पाण्यातून कापत जाणाऱ्या होडीला तिच्या लांबीप्रमाणे वेगाची एक हद्द असते. १३ फूट पाण्यात असतील तर ती ताशी ९ किलोमीटरच्या आसपास, आणि तिथवर जायला ५ किंवा ६ एचपी पुरतात. त्यापुढे मोटर कितीही गुरगुरली तरी होडी फक्त मोठी लाट काढते. पवनेत किंवा भाटघरच्या पाण्यात काठापासून एक-दोन किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला २५ किलोची ६ एचपीची मोटर पुरेशी आहे. ती एकट्याने उचलून गाडीत टाकता येते. हा फायदा किती मोठा आहे ते पन्नास किलोची मोटर चिखलातून काठावर चढवल्याशिवाय कळत नाही.

मोटर विकणारे सहसा सांगत नाहीत ती आणखी एक गोष्ट: आपण समुद्रसपाटीवर नाही. उजनीची पूर्ण पातळी सुमारे ४९७ मीटर, खडकवासल्याची ५८२ मीटर. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे आपल्याकडे ५ ते ६ टक्के आधीच गेले. मेच्या उन्हात आणखी थोडे. वीसची मोटर इथे एकोणीसचीच आहे असं समजून हिशेब करा.

तिसरी पायरी: शाफ्टची लांबी

माझी मोटर यात गेली, म्हणून जरा जास्त बोलतो.

मागच्या फळीचा वरचा काठ, जिथे मोटरचे शिकंजे बसतात, तिथून सरळ खाली होडीच्या तळापर्यंत मोजा. १५ इंचांच्या आसपास आलं तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड पायाची मोटर, २० इंच आलं तर लाँग शाफ्ट, म्हणजे लांब पायाची. मोटर बसवल्यावर पंख्याच्या वर जी आडवी पत्री असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी.

माझ्या होडीची फळी होती १९ इंचांची. विकणाऱ्याकडे शॉर्ट शाफ्ट पडून होती आणि त्याने सांगितलं, "चालतंय की, सगळे लावतात." सपाट पाण्यात खरंच चाललं. लाट आली, होडीची मागची बाजू वर उचलली गेली, की पंखा हवा खायचा आणि इंजिन किंचाळायचं. हा आवाज तरी ऐकू येत होता. जे ऐकू येत नव्हतं ते हे, की पाणी ओढायची जाळी पंख्याच्या थोडीच वर असते आणि तीही हवा ओढत होती. इंपेलरला पाणी हेच वंगण. कोरडा फिरला की रबर करपतं, पात्या तुटतात, तुकडे वरच्या नळीत जाऊन अडकतात. मग नवा इंपेलर घालूनही मोटर तापत राहते, आणि मेकॅनिक थर्मोस्टॅटवर संशय घेत बसतो.

उलट चूक, म्हणजे आखूड फळीला लाँग शाफ्ट, तेवढी घातक नाही पण त्रासाची. ओढ वाढते, पाणी उडतं, आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की पंखा आधी जमिनीला लागतो. उजनीत उन्हाळ्यात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. देऊळ निदान दिसतं. बुडालेल्या वाड्यांच्या भिंती, विहिरींचे कठडे, शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी दिसत नाहीत.

फळी सतरा-अठरा इंचांची असेल तर मोटर बदलण्यापेक्षा फळी बदला. सागवानी तुकडा बसवून उंची वाढवता येते किंवा खाच घेऊन कमी करता येते. फायबरचं काम करणाऱ्याकडून, पोलादी बोल्टने, कडा रेझिनने बंद करून. प्लायवूड उघडं राहिलं तर दोन पावसाळ्यांत कुजतं.

चौथी पायरी: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक

जुन्या मच्छीमारांचा जीव टू-स्ट्रोकवर आहे आणि त्यांचं चुकत नाही. वजन कमी, भाग कमी, झडपा नाहीत, काठावर बसून उघडता येते. पण साध्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा मोठा हिस्सा, पाचवा-चौथासुद्धा, न जळताच बाहेर जातो. पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगताना दिसतं ते तेच. ज्या पाण्यातून अर्धं शहर पितं तिथे ही मोटर नेऊ नये, असं माझं मत आहे, परवानगी मिळाली तरी. शिवाय हौशी माणूस बहुतेक वेळ मंद वेगात असतो. तिथे टू-स्ट्रोक धूर काढते, प्लग काळे करते. तेलाचं प्रमाण साधारण ५० ला १, आणि तेल पाण्यावरच्या मोटरींसाठीचं, टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं. स्कूटरचं नव्हे.

फोर-स्ट्रोक शांत आहे, कमी पिते आणि ट्रोलिंगच्या, म्हणजे गळ मागे ओढत सावकाश जायच्या, वेगात तासन्‌तास गुणगुणत राहते. १५-२० एचपीत वजन ४५ ते ५२ किलोच्या घरात. तोटा एक, आणि तो पुणेकरांच्या वाट्याला जास्त येतो: आपली मोटर गाडीत आडवी होऊन घाटातून जाते. फोर-स्ट्रोक चुकीच्या कुशीवर आडवी केली तर तेल सिलिंडरमध्ये शिरतं. कुठल्या कुशीवर झोपवायची ते मोटरवर किंवा पुस्तकात दिलेलं असतं. ताम्हिणी उतरण्याआधी ते वाचा.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन? पाच-सहा एचपीत कार्ब्युरेटर घ्यावा. बिघडला तर बुधवार पेठेतला हुशार टू-व्हीलरवालाही साफ करून देईल. १५ च्या वर गेलात तर बॅटरीशिवाय चालणारं इंजेक्शन पाहा. सुझुकीने २०१२ च्या सुमारास या गटात ते आणलं, आता इतरांकडेही आहे. दोरी ओढली की तीच वीज तयार करते आणि इंजेक्शन चालू होतं. उंचीवरची विरळ हवाही ते आपोआप सांभाळतं. एकच अट, बटण-स्टार्ट घेतलं तरी दोरीची सोय हवीच. बॅटरी उतरली म्हणून पाण्याच्या मध्यावर अडकणं ही टाळता येण्यासारखी फजिती आहे.

पाचवी पायरी: पेट्रोल, जे सगळे विसरतात

परदेशी लेख वाचून मोटर घेणाऱ्यांची इथे दांडी उडते. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल. आपल्या पंपावर आज मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के. देशाने हे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं.

इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. पुरेसं पाणी शोषलं की ते पाण्यासकट पेट्रोलपासून सुटं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि मोटर नेमकं तळातूनच ओढते. जुन्या रबरी नळ्या फुगतात, कार्ब्युरेटरचे बारीक जेट बुजतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, ते वेगळंच. कोणी म्हणेल, उंचीवर कार्ब्युरेटरचं मिश्रण दाट होतं, म्हणजे फिटंफाट. होत नाही, दोन चुका एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत.

करायचं काय? विक्रेत्याला ईमेलने विचारा की हे मॉडेल ई-२० वर चालवलं तर वॉरंटी राहते का. तोंडी "काही होत नाही साहेब" हे उत्तर धरू नका. आसपासच्या पंपांवर महागड्या उच्च-ऑक्टेन पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, ते विचारून घ्या. टाकी आणि मोटर यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. मोटरच्या किमतीपुढे तो चिल्लर आहे. पेट्रोल आदल्या दिवशी भरा आणि उरलेलं घरी आल्यावर कारमध्ये ओता. टू-स्ट्रोकचं तेल मिसळलेलं असेल तर अर्थातच नाही. शंका आली तर काचेच्या बाटलीत थोडं घेऊन तासभर स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला की ते पेट्रोल बाद.

किती न्यायचं? वीस एचपीची फोर-स्ट्रोक पूर्ण वेगात तासाला साडेसात लिटरच्या आसपास पिते. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश वाऱ्यासाठी.

सहावी पायरी: विक्रेत्याची परीक्षा

आता दुकान. किमती मी मुद्दाम देत नाही; मोटर बहुधा आयात होऊन येते आणि आकडे सारखे हलतात. किमतीआधी एक कागद पुढे करा. त्यावर लिहा: इंपेलर, थर्मोस्टॅट, दोरी-स्टार्टरची स्प्रिंग, पंखा आणि त्याची शेअर पिन (धक्का बसला की आधी तुटून गिअर वाचवणारी खिळी) किंवा रबरी हब, गिअर तेलाच्या बोल्टचे वॉशर, आणि कार्ब्युरेटरचा गॅस्केट संच किंवा इंजेक्शनचा पेट्रोल पंप. प्रत्येकासमोर पार्ट नंबर, किंमत आणि किती दिवसांत मिळेल ते लिहून मागा.

जो अर्ध्या तासात कागद भरून देतो, त्याच्याकडून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. "लागतच नाही हो काही" म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. मोटर घेतानाच इंपेलरचे दोन संच, प्लग, शेअर पिनी आणि एक जादा पंखा घेऊन ठेवा. प्लग कधीकधी नाना पेठेत मिळून जातो. इंपेलर मिळत नाही, मी फिरलो आहे.

कंपनी टिकेल का, हाही प्रश्न विचारायला लाज वाटू नये. ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये बाजारात आणलेल्या मोटरीपासून चालत आलेलं एव्हिनरूड हे नाव मे २०२० मध्ये बीआरपी कंपनीने बंद केलं. शंभर वर्षांहून जुनं नाव गेलं, तर काल उगवलेल्या नावाचं काय? स्वस्त चिनी मोटरींबद्दल माझं मत मध्यम आहे. काही जुन्या जपानी आराखड्यांवर बेतलेल्या आहेत आणि भागही जुळतात. पण जुळतात हे ऐकून नव्हे, इंपेलर हातात घेऊन, बसवून पाहावं.

आणि सर्व्हिस. पहिली साधारण २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षाला. विक्रेता मेकॅनिक पुण्याला पाठवतो की मोटर त्याच्याकडे न्यायची, हे बिलावर लिहून घ्या.

सातवी पायरी: जुनी घेत असाल तर

कोकणातून, मुरूड-हर्णैकडून येणारी मोटर खाऱ्या पाण्यातली असते. ती वाईटच असं नाही, पण झाकणाखालचे बोल्ट पाहा. पांढरी भुकटी जमलेली असेल तर आतले पाण्याचे मार्गही तसेच समजा.

पाहायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. कोमट असेल तर थंड असताना ती सुरू होत नाही म्हणूनच तापवून ठेवली आहे. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज सोबत न्या. सिलिंडरांच्या दाबातला फरक १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर सौदा सोडा. खालचा गिअरचा बोल्ट सैल करून तेलाचे दोन थेंब बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलं आहे. धरणांवर याचं नेहमीचं कारण नायलॉनची तंगूस. ती पंख्यामागे गुंडाळली जाते आणि सील कापते. म्हणून जाळी लावलेल्या पाण्यात वर्षभर फिरलेली मोटर पंखा काढून बघितल्याशिवाय घेऊ नये.

मग पिंपात पाणी भरून दहा मिनिटं चालवा. धार सतत आणि जोरात पडली पाहिजे. पुढचा-मागचा गिअर टाका. शिकंज्याच्या कंसाला तडा, पंख्याखालच्या पात्याला वेल्डिंग, खरवडलेला सिरियल नंबर, यातलं काहीही दिसलं की परत फिरा. मूळ बिल नसेल तेव्हाही.

आठवी पायरी: पंखा आणि पहिली फेरी

पंख्यावर दोन आकडे असतात: व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः किती इंच पुढे जाईल ते. मोटरच्या पुस्तकात पूर्ण वेगातल्या फेऱ्यांची कक्षा दिलेली असते. मधल्या फोर-स्ट्रोकला अनेकदा ५००० ते ६०००. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त टॅकोमीटर आणा, नेहमीचं सगळं ओझं घाला, आणि मोकळ्या पाण्यात पूर्ण उघडा. फेरे कक्षेच्या खाली राहिले तर इंजिन दमत आहे. चढावर तिसऱ्या गिअरात रेटलेल्या गाडीसारखं. पिच एक इंच कमी केला की फेरे १५० ते २०० ने वाढतात. समुद्रसपाटी धरून दिलेला नऊ इंच पिचचा पंखा आपल्या उंचीवर अनेकदा आठचा करावा लागतो. विक्रेत्याशी हा बदल आधीच ठरवा.

पंखा अॅल्युमिनियमचाच घ्या. पोलादी दिसायला देखणा असतो, पण बुडालेल्या भिंतीला लागला तर मार पंख्याने खायचा सोडून आतला गिअर खातो.

पहिल्या दहा तासांत पूर्ण वेगाने सलग ताणू नका आणि एकाच वेगावरही बसू नका. किल स्विचची, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या कळीची, दोरी मनगटाला, जॅकेट अंगात, दोन वल्ही होडीत. वीस वर्षं पाण्यावर असलात तरी. जलपर्णीचा पट्टा दिसला की गिअर काढून, मोटर उचलून वल्ह्याने पार करा. भिगवणच्या बाजूला आणि नद्यांच्या तोंडाशी ती पाणी ओढायच्या जाळीवर बसते, आणि मग माझीच गोष्ट तुमच्यासोबत होते. दर दहा मिनिटांनी मागे वळून धार पाहायची सवय लावा. मासा ओढत असला तरी.

गोड्या पाण्यातच राहणार असाल तर अॅनोड, म्हणजे मोटरऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, मॅग्नेशियमचा, अधूनमधून अलिबाग-दापोलीला नेणार असाल तर अॅल्युमिनियमचा. जस्ताचा गोड्या पाण्यात जवळपास काम करत नाही. आणि त्यावर रंग मारायचा नाही; कौतुकाने मारलेला पाहिला आहे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने पंधरा मिनिटं आतून धुवून काढा, दुसऱ्या दिवशी नव्हे.

जूनच्या आधी मोटर घरी आणा. पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं संपेपर्यंत चालवा, मग वाटीचा स्क्रू उघडून उरलेलं थेंब थेंब काढा. गिअर तेल बदला. जुन्यात पाणी असेल तर आत्ताच कळू दे, ऑक्टोबरमध्ये नको. मोटर उभी टांगा, म्हणजे आतलं पाणी निथळून जाईल. इंपेलर दोन-तीन मोसम झाला की चांगला दिसला तरी बदला, आणि काढलेला जुना फेकू नका. पुसून, टाल्कम लावून, डब्यात घालून होडीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवा. पात्या शाबूत असतील तर काठापर्यंत यायला तोही चालतो.